चाळीस गाड्या माती

गुरुजी म्हणाले, "चपला काढा," आणि गावातली सगळी वजनदार माणसं आपापल्या चपला-बूट ओळीनं काढून पिवळ्या माळावर अनवाणी उभी राहिली. एकट्या शालनताई खवरेंनी काढल्या नाहीत.

हे मी फार जवळून पाहिलं. कार्यक्रमाचा फ्लेक्स माझ्या दुकानातून आला होता आणि त्याचा डावा बांबू वाऱ्यानं सैल झाल्यामुळे तो मी दोन्ही हातांनी धरून उभा होतो. राज्यशास्त्रात एम.ए. केलेला माणूस लोकशाहीच्या इतक्या जवळ क्वचितच पोचतो.

भूमिपूजन व्यापारी संकुलाचं होतं. पिवळा माळ म्हणजे गावाच्या मधोमध असलेली तांबट प्लेटिंग वर्क्सची जुनी जागा. सायकलींची हँडलं, नळ, पट्ट्यांची बक्कलं यांना चकाकी चढवायचा कारखाना तिथे होता. तो बंद पडला, कर थकला, आणि जागा नगरपालिकेकडे आली. त्या जागेवर काही उगवायचं नाही. जे गाजरगवत नगरपालिकेच्या गच्चीवरसुद्धा उगवतं, तेही तिथे उगवायचं नाही. पावसाळ्यात साचलेलं पाणी हळदीच्या पाण्यासारखं पिवळं दिसायचं. याचा अर्थ काय, हा प्रश्न गावाला कधी पडला नव्हता. गावानं नाव ठेवलं आणि विषय संपवला.

धूळ उडू नये म्हणून आदल्या दिवशी टँकरनं पाणी मारलं होतं. त्यामुळे नगराध्यक्ष, बांधकाम सभापती, ठेकेदार, व्यापारी संघाचे पदाधिकारी आणि स्वतः गुरुजी असे सगळे घोट्यापर्यंत पिवळ्या चिखलात उभे होते. शालनताई त्या वॉर्डाच्या नगरसेविका, म्हणून पूजेला बसायचा मान त्यांचा आणि त्यांच्या नवऱ्याचा, म्हणजे हिंदुरावभाऊंचा.

"ताई, चपला," गुरुजी म्हणाले.

"असू देत."

"अहो, शास्त्र आहे."

"शास्त्र असेल. पाय माझे आहेत."

हिंदुरावभाऊ ओठ न हलवता बोलले. ती कला त्यांना येत होती. "शालन, काढ. लोक बघायलेत."

"बघू देत. तुम्ही पण घाला."

भाऊंनी घातल्या नाहीत. ते एकटेच पूजेला बसले. शालनताई मागे, माझ्या फ्लेक्सजवळ येऊन उभ्या राहिल्या. फ्लेक्सवर भाऊंचा फोटो कमरेपासून वर होता, ताईंचा पासपोर्ट एवढा. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला म्हणून भाऊंनी बायकोला उभं केलं होतं. निवडून आल्यावर ते स्वतःला नगरसेवकच म्हणवून घ्यायचे. आमच्याकडे ती रीत आहे आणि तिचं कोणाला काही वाटत नाही. सभागृहात नवऱ्यांना सोडत नाहीत म्हणून भाऊ बाहेरच्या बाकावर बसायचे आणि ताईंनी हात कधी वर करायचा ते मोबाइलवर सांगायचे. मधल्या वेळात ताईंना करायला काही नसायचं. त्यामुळे समोर ठेवलेले कागद त्या वाचायच्या. आमच्या नगरपालिकेच्या इतिहासात विषयपत्रिका शेवटच्या पानापर्यंत वाचणाऱ्या त्या पहिल्याच, असं मला तिथला शिपाई म्हणाला होता.

त्या दिवशी गावभर चर्चा झाली ती चपलांची. बाईला शिंगं फुटली, असं बहुतेकांचं मत पडलं.

चर्चा चार दिवस टिकली. मग पायांचं सुरू झालं.

आधी गुरुजींना खाज सुटली. मग नगराध्यक्षांच्या बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे उठले. बांधकाम सभापतींच्या टाचेला आधीच भेग होती, तिची जखम झाली आणि गोल कडा धरून ती खोल गेली. त्या आठवड्याची सर्वसाधारण सभा मी प्रेक्षक म्हणून बघायला गेलो होतो. सगळं सभागृह स्लिपरांवर आलं होतं. दोन पायांना बँडेज होतं, बाकीच्यांना मलम. विषय क्रमांक एकवर बोलायला उभं राहावं असं कोणालाच वाटत नव्हतं. एकट्या शालनताई नेहमीच्या चपलांत आल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या. बाहेरून फोन वाजत होता, तो त्यांनी पर्समध्ये ठेवून दिला.

त्या म्हणाल्या, संकुल बांधण्याआधी ही माती तपासा. मग जे ठरवायचं ते ठरवा.

एरवी या सूचनेला अनुमोदन मिळालं नसतं. त्या दिवशी ते एकमुखानं मिळालं.

प्रदूषण खात्याचे एक साहेब आले, बाटल्यांत माती भरून घेऊन गेले, आणि महिन्याभरानं अहवाल घेऊन आले. क्रोमियम. कोरडं असलं की धुळीतून नाकात, ओलं झालं की कातडीत. वर काँक्रीट घातलं तरी खालून विहिरींकडे जायचं ते जाणारच. माती खोदून काढायची, दूर अशा कचऱ्यासाठी बांधलेल्या खड्ड्यात नेऊन पुरायची आणि इथे चांगली माती भरायची, एवढाच उपाय. खर्चाचा आकडा ऐकून नगराध्यक्षांनी पाणी मागवलं.

मग शालनताईंनी पर्समधून एक जुनी विषयपत्रिका काढली. बंद कारखान्यांच्या जागा साफ करायला सरकारची एक योजना होती. तिचं पत्र दोन वर्षांपूर्वी 'आयत्या वेळचे विषय' या सदराखाली सभेपुढे येऊन गेलं होतं. सगळा खर्च सरकार करणार होतं. अट एकच: गावाला खरोखर गरज आहे हे दिसावं म्हणून पहिल्या चाळीस गाड्या माती गावानं लोकवर्गणीतून हलवायची. मुदत एकतीस मार्च. चाळिसावी गाडी त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत गावाबाहेर पडली नाही, तर योजना गेली, आणि मग काँक्रीट ओतायला ठेकेदार मोकळा.

या मोकळ्या ठेकेदारानं हिंदुरावभाऊंना संकुलात दोन गाळे कबूल केले होते. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. ताईंनाही.

"त्या जागेचं करायचं काय मग?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"मैदान," ताई म्हणाल्या. "पोरींना खो-खो खेळायला. रस्त्यावर खेळून गुडघे फुटतात त्यांचे."

एवढ्यासाठी एवढं, असं कोणीतरी पुटपुटलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्या दुकानात आल्या. गावात मला पेंटर म्हणतात. माझे वडील पाट्या रंगवायचे. मी कॉम्प्युटर घेतला, मशीन घेतलं, भिंतीवर पदवी लावली, तरी नाव पेंटरच राहिलं. तांबट प्लेटिंगची मोठी निळी पाटी वडिलांच्याच हातची होती.

ताईंनी स्टूल ओढून घेतलं आणि हिशेब दिला. पंधरा दिवस त्या वर्गणीसाठी फिरल्या होत्या. व्यापारी संघात गेल्या, पतसंस्थांत गेल्या, डॉक्टरांकडे गेल्या. सगळ्यांनी चहा पाजला. काम पुण्याचं आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं. मग प्रत्येकानं एकच विचारलं.

"काय?"

"पाटी कुठे लावणार."

मला हसू आलं, पण ते मी व्यवसायाला धरून आत ठेवलं. यात चूक कोणाचीच नव्हती. आमच्या गावात स्मशानातल्या बाकांवर नावं आहेत. देवळातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर एकेका आजोबांचं नाव आहे आणि उन्हाळाभर ते तिघे एकमेकांचा पाठलाग करतात. सार्वजनिक पातेल्यांवर, पाणपोईवर, बसथांब्यावर, सगळीकडे कोणी ना कोणी स्मरणार्थ आहे. गाव देतं, भरभरून देतं, पण दिलेलं दिसलं पाहिजे. इथे तर पैसे द्यायचे होते ते खड्ड्यासाठी. खड्डा बुजणार, माती जाणार, आणि मागे राहणार सपाट जमीन. नसलेल्या मातीवर पाटी कशी लावायची, यावर शास्त्रात काही नाही.

ताई बाहेर बघत होत्या. समोरून लग्नाचं वऱ्हाड घेऊन एक ट्रक चालला होता. त्याच्या अंगावर मीच केलेला फ्लेक्स होता, नवरानवरीच्या फोटोंचा.

"पेंटर, ट्रकच्या एका बाजूला केवढा फ्लेक्स बसतो?"

मी माप सांगितलं.

"मातीच्या ट्रकलाही तेवढाच बसेल की."

राज्यशास्त्राची मी दोन वर्षं पुस्तकं वाचली. त्यातल्या एकाही विद्वानाला हे सुचलं नव्हतं.

पहिली गाडी गुरुजींनी घेतली. पाय अजून पूर्ण बरे नव्हते, त्यामुळे त्यांना पटवावं लागलं नाही. विषारी माती ताडपत्रीखाली नीट झाकलेली, ड्रायव्हरच्या पायांत गमबूट, आणि बाजूला आठ फुटी फ्लेक्स: गुरुजींच्या तीर्थरूपांचा पगडीतला फोटो आणि खाली 'यांच्या पुण्यस्मरणार्थ ही गाडी'. मार्चमध्ये लग्न एखाददुसरंच, म्हणून गावातला ब्रास बँड जाहिरात व्हावी या बोलीवर फुकट आला. हमरस्त्याला लागायला वाट एकच होती, ती भर पेठेतून. गाडी बँडच्या मागून पेठेतून निघाली तेव्हा दुकानदार काउंटर सोडून पायरीवर आले. गुरुजींचे वडील गेले तेव्हासुद्धा इतके लोक जमले नव्हते.

खात्याच्या साहेबांनी एकच अट घातली. धोक्याची सूचना, म्हणजे लाल चौकटीत कवटी आणि खाली 'धोकादायक', ही पाटी दोन्ही बाजूंनी पूर्ण दिसली पाहिजे. ती हलवायची नाही, झाकायची नाही. त्यामुळे प्रत्येक फ्लेक्सवरचा फोटो त्या कवटीच्या शेजारी यायचा. कोणाच्या सासूचा फोटो कुठे आला, यावर घराघरांत काय बोलणं झालं ते मी इथे लिहीत नाही. विलासबापू हे आमचे भावी आमदार. ते त्या आधीही भावी होते आणि अजून आहेत. हात जोडलेल्या त्यांच्या फोटोशेजारी 'धोकादायक' हा शब्द आला तेव्हा त्यांनी डिझाइन बदलून मागितलं. साहेब म्हणाले, नियमाप्रमाणे आहे. बापूंनी गाडी रद्द करू का विचारलं. ताई शांतपणे म्हणाल्या, करा, मग ती बापूंच्या विरोधकांना देते. गाडी तशीच गेली.

मग गाव पेटलं. कापडवाल्या बोरगावे बंधूंचं दुकान वाटणीत फुटलं होतं आणि ते एकमेकांचं तोंड बघत नसत. थोरल्यानं आईच्या स्मरणार्थ एक गाडी घेतली. धाकट्यानं त्याच आईच्या स्मरणार्थ दोन घेतल्या. एक सून तर सासऱ्यांच्या गाडीला ओवाळायला आरतीचं ताट घेऊन आली, तेव्हा साहेबांना मध्ये पडावं लागलं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच नियमांच्या पुस्तकात औक्षण शोधलं असावं.

मी रात्रंदिवस छापत होतो. ताईंनी माझ्याशी ठरवलं होतं की फ्लेक्स कापडाच्या भावात करायचा, नफा नाही. हे त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

हिंदुरावभाऊ काही दिवस घुम्यासारखे होते. गाळे गेले ते गेलेच, वर पाय चिघळलेले. मग सव्विसावी की सत्ताविसावी गाडी पेठेतून गेली तेव्हा लोकांनी 'खवरे वहिनी' म्हणून टाळ्या वाजवल्या. भाऊ माझ्या दुकानाच्या पायरीवर उभे होते. कोणीतरी त्यांना म्हणालं, वहिनींनी कमाल केली. भाऊंनी आधी मागे वळून पाहिलं, आणखी कोणाला तर म्हणत नाहीत ना. मग सावकाश हात जोडले. दुसऱ्या दिवसापासून ते गाड्यांपुढे रहदारी अडवायला उभे राहू लागले. शिट्टी त्यांनी स्वतःच्या पैशानं आणली.

या सगळ्या काळात एक माणूस रोज बघत होता. माळासमोरच्या जुन्या घराच्या गॅलरीत विष्णुपंत तांबट खुर्ची टाकून बसायचे. कारखान्याचे मालक. पंच्याऐंशीच्या पुढचं वय. कंपनी बुडाली होती, मुलगा परगावी, घर तेवढं राहिलं होतं. गाडी निघाली की ते उठून उभे राहायचे आणि ती वळणाआड गेली की बसायचे. गावातल्या तरुण पोरांना हे सहन होईना. दोघे माझ्याकडे ऑर्डर घेऊन आले: म्हाताऱ्याच्या फोटोचा फ्लेक्स, खाली 'पापाचा धनी'. पैसे रोख देत होते. मी ताईंना विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "छापलं तर तुमचं आमचं संपलं, पेंटर."

"तुम्ही त्यांच्याकडे वर्गणी तरी मागा. त्यांचाच कचरा आहे."

"मागणार नाही."

"का?"

त्या पुढच्या गाडीची ताडपत्री बघायला गेल्या. कायद्यानं काही करता येत नव्हतं हे मला माहीत होतं. कंपनीच नव्हती तर कोणावर करणार. पण साधं मागायलाही जायचं नाही, हे मला कळलं नाही. मी ते राजकारण म्हणून समजून घेतलं. न कळणाऱ्या गोष्टींसाठी माझ्याकडे तो एक कप्पा आहे.

एकतीस मार्च उजाडला तेव्हा एकोणचाळीस गाड्या गेल्या होत्या. चाळिसावी भरून, ताडपत्री बांधून माळाच्या फाटकात उभी होती. फ्लेक्स नव्हता. विलासबापूंनी आपल्या दुसऱ्या गाडीचा चेक आदल्या दिवशीच पाठवला होता. त्यांना शेवटच्या गाडीचा मान हवा होता. सगळे धरून चाललो होतो की गाडी बापूंची.

मी सकाळी बापूंचा फ्लेक्स घेऊन पोचलो. ताई म्हणाल्या, लावू नका.

"गाडी कोणाची आहे मग?"

"ठेवलीय."

"कोणासाठी?"

"येईल ज्याची आहे तो."

बारा वाजले. दोन वाजले. ड्रायव्हर जेवून आला. साहेब सावलीत खुर्चीवर बसून सारखे घड्याळ बघत होते. माणूस भला होता, पण पाच म्हणजे पाच, सव्वापाचची सही मला करता येणार नाही, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. बँडवाले ड्रमवर डोकं ठेवून झोपले. बापूंचा माणूस दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याची भाषा जरा बदलली होती. हिंदुरावभाऊ शिट्टी गळ्यात घालून ताईंपाशी आले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना बायकोशी ओठ हलवून बोलताना पाहिलं.

"शालन, पैसे आहेत, गाडी आहे, फ्लेक्ससुद्धा आहे. सगळं केलंस, आता एवढ्यावरनं घालवू नको. मी पाया पडतो पाहिजे तर."

"पाय बरे झाले का तुमचे?"

"झाले."

"मग थांबा थोडं."

चारच्या सुमारास समोरच्या घराचं दार उघडलं. तांबटशेठ काठी टेकत खाली आले. रस्ता ओलांडायला त्यांना बराच वेळ लागला. भाऊंनी सवयीनं शिट्टी वाजवून एक रिक्षा थांबवली. पोरांचा घोळका पुढे सरकला, ताईंनी नुसतं बघितलं, तो मागे झाला.

शेठ ताईंकडे गेले नाहीत. ते माझ्याकडे आले.

"तू पेंटरचा मुलगा."

"हो."

"माझी पाटी तुझ्या वडिलांनी केली होती. निळी. ही गाडी कोणी घेतलीय का?"

मी ताईंकडे पाहिलं. त्या ताडपत्रीच्या दोरीची गाठ तपासत होत्या, जी सकाळपासून चार वेळा तपासून झाली होती.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी खिशातून चेक काढला. तो इतके दिवस घडी उघडून-मिटून मऊ झाला होता की धरल्यावर कापडासारखा वाकला.

"काय लिहायचं शेठ? वडिलांचं नाव?"

"लिहून घे." त्यांनी डोळे मिटले. हजेरी घेताना माणूस बोलतो तसं ते बोलू लागले. "बाळकू लोहार. ईश्वरा माने. बाबालाल मुल्ला. शिदू कांबळे. यशवंत गुरव. सदाशिव लोहार, तो बाळकूचा चुलतभाऊ. हौदावरची माणसं. हँडल हौदात सोडायची, वर काढायची. वाफ तोंडावर यायची." मग म्हणाले, "सगळ्यांच्या आधी कै. लाव. एकही राहिला नाही."

मी पेन धरून उभा होतो. पोरांच्या घोळक्यातल्या दोघांची आडनावं त्या नावांत होती.

"बाळकू नाकातनं दोरा काढायचा," तांबटशेठ म्हणाले. "एका नाकपुडीत घालायचा आणि दुसरीतनं बाहेर ओढायचा. पोरं जमायची बघायला. एका वर्षी, खंडेनवमीची पूजा झाल्यावर, सगळ्यांसमोर त्यानं करून दाखवलं. मी टाळ्या वाजवल्या. नारळ दिला त्याला बक्षीस."

ती जादू मलाही आठवत होती. आमच्या लहानपणी सगळ्यांना माहीत होतं की प्लेटिंगमधल्या माणसांना ती येते. ती फक्त त्यांनाच का येते, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. वाफेनं त्यांच्या नाकातला पडदा खाऊन टाकलेला असायचा.

ताई गाठीवरचा हात काढून वळल्या.

"लाल दोरा होता," त्या म्हणाल्या. "माझ्या रिबिनीचा. मीच काढून द्यायची."

तांबटशेठ त्यांच्याकडे बघत राहिले. "तू बाळकूची."

"धाकटी. डबा घेऊन यायची मी, अनवाणी."

भाऊंनी खुर्ची आणून शेठना बसवलं. मग मीच विचारलं, कारण चार वाजून गेले होते आणि माझं मशीन दुकानात होतं, "शेठ, तुमचं नाव? वर घालू का खाली?"

"खाली. त्यांच्या खाली."

"फोटो?"

"नको."

"नावाआधी काय लावू? उद्योगपती?"

"काही नको. आणि कै. लावू नकोस. अजून आहे मी."

"पेंटर," ताई म्हणाल्या, "अक्षरं मोठी घाला. शेवटची गाडी आहे. लांबनं दिसली पाहिजेत."

आयुष्यात इतक्या वेगानं मी फ्लेक्स केलेला नाही. पाटीवर सहा नावं आणि खाली सातवं, पांढऱ्यावर निळी अक्षरं, वडील घालायचे तशी. शेजारी नियमाप्रमाणे कवटी. त्या एका गाडीवर ती कोणालाही विनोदी वाटली नाही.

गाडी हलली तेव्हा बँड वाजला नाही. थांबवलं कोणीच नव्हतं, पण वाजवायचं काय, हे बँडमास्तरला कळेना. तो ताईंकडे बघू लागला, ताई शेठकडे.

"वाजवा की," तांबटशेठ म्हणाले. "त्यांच्यासाठी कोणी वाजवलं नाही कधी."

त्या बँडला लग्नाचीच चाल यायची. तीच वाजली. पेठेतून गाडी जाताना दुकानदार पुन्हा पायऱ्यांवर आले आणि या वेळी त्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. गाडीच्या पुढे हिंदुरावभाऊ शिट्टी न वाजवता चालत होते. पाचाला थोडं कमी असताना गाडीनं वेस ओलांडली आणि साहेबांनी तिथेच, बॉनेटवर कागद ठेवून सही केली.

परत येताना मी ताईंना विचारलं, शेठ आले नसते तर? एका माणसासाठी तुम्ही सगळं गाव पणाला लावलं होतंत.

त्यांनी पर्स उघडून दाखवली. त्यात विलासबापूंचा चेक होता, नीट घडी केलेला.

"साडेचारला लावणार होते बापूंना," त्या म्हणाल्या. "मैदान सोडणार नव्हते मी. पण साडेचारपर्यंत वेळ त्यांचा होता."

पुढचं सरकारनं केलं, सरकारी वेगानं. दोन वर्षं गाड्या जात राहिल्या, फ्लेक्सशिवाय, बँडशिवाय. मग तांबडी माती आली, रोलर फिरला, खात्याच्या मंडळींनी पुन्हा तपासणी केली. मधल्या काळात तांबटशेठ गेले. मी त्यांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स केला. त्याचे पैसे मी घेतले नाहीत. ताईंनी सांगितलेलं नसताना नफा सोडलेला माझ्या धंद्यातला तो एकमेव फ्लेक्स.

आज त्या मैदानावर कुठेही पाटी नाही. आमच्या गावातली अशी ती एकच जागा. नावं सगळी मातीबरोबर गेली. मध्ये नगरपालिकेनं 'नगरसेविका शालनताई खवरे क्रीडांगण' असा ठराव आणला होता. ताईंनी तो वाचला, म्हणजे शेवटच्या पानापर्यंत वाचला, आणि विरोधात हात वर केला. फोन न येता.

उद्घाटनाचा दिवस मला आठवतो. तीच वजनदार माणसं, तेच गुरुजी, नवा फ्लेक्स. या वेळी बांबू मी घट्ट बांधले होते. खात्याच्या साहेबांनी माईकवर अहवाल वाचला. जमीन आता सुरक्षित आहे, सर्व घटक मर्यादेच्या आत आहेत. टाळ्या झाल्या. मग गुरुजी पूजेला उठले, चौरंगाकडे बघितलं, मातीकडे बघितलं, आणि चपला काढा हे म्हणायच्या ऐवजी घसा खाकरत उभे राहिले. कोणी जागचं हललं नाही. नगराध्यक्ष आकाशाकडे बघत होते. खो-खोच्या पोरी कडेला रांगेत उभ्या होत्या, बूट घालून, आयांनी घालून पाठवलेले.

शालनताई पुढे झाल्या. त्यांनी चपला काढल्या, एकाशेजारी एक नीट ठेवल्या आणि मैदानाच्या मधोमध चालत गेल्या. तळपायांवर जुने गोल व्रण होते. पाऊल उचललं की दिसायचे. मध्यावर जाऊन त्या थांबल्या. दुपारचं ऊन होतं, माती चांगलीच तापली असणार.

"भाजतंय का गं?" हिंदुरावभाऊंनी कडेवरून विचारलं.

"भाजतंय," त्या म्हणाल्या. "नुसतं उन्हानं."

साहेबांचा अहवाल वीस पानांचा असो की तीस, आमच्या गावात तो कोणी वाचला नव्हता आणि वाचणारही नव्हतं. लोकांनी त्या दोन पायांकडे बघितलं. मग आधी पोरींनी बुटांच्या नाड्या सोडल्या, त्यांच्यामागून भाऊंनी चपला काढल्या, आणि सगळ्यांत शेवटी गुरुजींनी.